दुपट्ट्याखालचा लॅपटॉप

तुमचा लॅपटॉप तापून बंद पडला, की तुम्ही शिव्या कुणाला घालता? मी कंपनीला घातल्या. गावतळ्यावरच्या अतिक्रमणाचा व्हिडिओ दुपारच्या ग्रामसभेत दाखवायचा होता आणि तो तयार होता होता लॅपटॉप तिसऱ्यांदा बंद पडला.

तो उचलून मी सडक अर्जुनी गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो कुठल्याही लॅपटॉपला आधी हात लावून पाहतो, तापलेल्या लेकराला लावावा तसा.

"दुपट्टा झाकून चालवतेस काऊन?"

"घराशेजारी राइस मिल आहे, भाऊ. कोंडा उडतो."

"कोंडा खालून घुसला अन् हवा तू वरून अडवली. मारून राहिलीस त्याले!"

त्याने पंख्यातला कोंडा ब्रशने काढला, मग प्रोसेसरचा वेग कमी केला. मी कुरकुरले.

"हळू चालन, पण पोचन," म्हणत त्याने दुकानातला एकुलता टेबलफॅन स्वतःकडून लॅपटॉपकडे वळवला आणि तासभर घामाने निथळत बसला.

व्हिडिओ पूर्ण झाला. श्रमाच्या सन्मानावर पत्रकं लिहिणारी मी, त्याला पाणीही न विचारता सभेकडे पळाले.

लॅपटॉपवरचं कापड आजच काढा. आणि तुमच्यासाठी कुणी पंखा वळवला, तर त्याला पाणी विचारा.