दूध कट्ट्यावरची डिश

डिश टीव्हीची कंपनी बदलायची की जुनीच ठेवायची, यावर आमच्या घरात आठवडाभर जुंपली होती. संध्याकाळी दूध कट्ट्यावर उभा राहून मी फोनवर बायकोशी तेच बोलत होतो. "काय ते ठरवूनच घरी या," असं म्हणून तिनं फोन ठेवला. समोर गवळी म्हशीची धार काढत होता. शेजारी एक धिप्पाड गृहस्थ धारोष्ण दुधाचा ग्लास रिचवत होते. मिशीला फेस लागला होता. ते एकदम गरजले, "पावणं, बदला की!"

मी दचकलो. त्यांनी दोन्ही हात आभाळाकडं पसरले आणि ते स्वतःच डिश झाले. "जरा ढग आलं की चित्र जातंय न्हवं? जावईबी सणालाच रुसतोय, ही डिश रोज रुसती. काढून टाका!"

गवळी धार थांबवून म्हणाला, "जुनीच बरी हाय." मग सगळा कट्टाच हमरीतुमरीवर आला. मला तर दुधाचीच चढली. तिथूनच नव्या कंपनीला फोन लावला आणि त्या कालव्यात घरचा पत्ता बोंबलून सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तुमच्याकडं कुठली कंपनी?" मी त्या मिशीवाल्या गृहस्थांना विचारलं.

"आमच्यात टीव्हीच न्हाय," मिशी पुसत ते म्हणाले. "पर तुमचा पत्ता ऐकलाय की आता."

रविवारी टीव्हीवर फुटबॉलची मॅच बघायला ते खरंच घरी आले. अजूनही येतात. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलंय. रिमोट मात्र त्यांच्याच हातात असतो.