दोन सारख्या बाटल्या

औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे जज्जसाहेब म्हणत. काम असं: एकाच अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या, एक नावाजलेल्या कंपनीची, एक स्वस्त जेनेरिक. दोन्ही अंगाइतक्या कोमट पाण्यात सोडायच्या आणि औषध किती लवकर विरघळतं ते मोजायचं. वेष्टनं आधीच काढलेली असत, मन कुणाकडे झुकायला नको म्हणून. कुठली गोळी कुणाची, हे फक्त शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ठाऊक. कधी जेनेरिक नापास होई, कधी नावाजलेलीही. बहुतेकदा शेरा एकच: फरक आढळला नाही. सांगून आलेल्या मुलीही त्यांनी याच शेऱ्यावर परत पाठवल्या, असं बाई म्हणत.

मेहुणे गेल्यावर मोठी बहीण त्यांच्याकडे राहायला आली आणि घरात ‘जेवलास का’ विचारणारं माणूस आलं. जज्जसाहेब कामावरून वेळेत निघू लागले. मग ताईच्या पायाची जखम चिघळली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. यांनी जेनेरिक आणल्या.

“माझ्यासाठी स्वस्तातल्या होय?”

भांडण नको म्हणून त्यांनी नावाजलेल्याही आणल्या. इथवर ठीक होतं. पण हाताला सवय. दोन्हींची पाकिटं फाडून गोळ्या दोन सारख्या बाटल्यांत भरल्या आणि ताईपुढे ठेवल्या.

“कुठलीही एक बाटली घे आणि पूर्ण संपव. फरक पडत नाही.”

“चांगली कुठली?”

“ते सांगितलं तर तू तीच घेशील.”

“मग घेऊ नको? पाय माझा सुजलाय आणि परीक्षा तुझी चाललीय. अरे, मी बहीण आहे की नमुना?”

जज्जसाहेबांनी दोन्ही बाटल्या पुन्हा एका रेषेत लावल्या. तेवढ्यात ताईनं लेकीला फोन लावला. दुपारी लेक येऊन तिला घेऊन गेली.

पुढचे दिवस ते कामावर उशिरापर्यंत थांबू लागले. बाईंनी कारण विचारलं नाही. मग एकदा ताईचा फोन आला.

“जखम भरली. लेकीनं आणलेल्या गोळ्या चांगल्या कंपनीच्या होत्या.”

त्यांना बरंच काही सांगता आलं असतं. “बरं झालं,” ते म्हणाले. “परत कधी येतेस?”

“बघू. इथं गोळी देताना पोरगी कपाळाला हात लावून बघते.”

“ताप होता का?”

“नव्हता,” ताई म्हणाली.