पान किती वाजता खुडलं?

आमच्या बाईंच्या प्रयोगशाळेच्या दारातून ओळखपाळख नसलेला एकही आकडा कधी आत गेला नाही. माणसं जायची, मांजरं जायची, एकदा चुकून शेजारच्या खात्यात आलेला विमा एजंटही आत जाऊन चहा पिऊन आला. पण कुणी आकड्यांची फाइल आणली की बाई तिला उंबऱ्यावरच अडवायच्या. मोजलं कुणी, कशाने, त्या दिवशी पाऊस होता का, मोजणारा जेवून बसला होता की उपाशी, सगळी साग्रसंगीत चौकशी. मी तेव्हा हिंजवडीतल्या आयटी कंपनीतली चांगली चाललेली नोकरी सोडून त्यांच्याकडे पिकांच्या संशोधनासाठी प्रोग्रॅम लिहायला आले होते. आई म्हणाली, "अख्खं पुणं निघालंय हिंजवडीकडे आणि आमची कन्या निघाली ज्वारीत." तिचं बरोबरच होतं. ज्वारीतच निघाले होते.

काम सांगायला सोपं होतं. एकाच पिकाबद्दल एक प्रयोगशाळा सांगते की त्याची कोणती जनुकं जागी आहेत, दुसरी सांगते की पानात कोणती प्रथिनं तयार झाली, तिसरी सांगते की जमिनीत ओल किती होती. हे सगळं कॉम्प्युटरवर एकत्र मांडून त्यातून एक धड गोष्ट काढायची. करायला बसलं की मात्र घाम फुटायचा, कारण एकाच जनुकाला प्रत्येकाने आपापलं नाव ठेवलेलं. मी वैतागले की बाई शांतपणे म्हणायच्या, "अगं, माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. मुलगी एकच. ओळखायला शीक."

ही खोड प्रयोगशाळेपुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी. कर्वेनगरात भाजी घेतानासुद्धा त्या "ताजी आहे का" असं कधी विचारत नसत; कधी काढली, कुणी काढली, तिथून निघाली केव्हा, असं विचारत. शेवटी भाजीवाला एकदा म्हणाला, "ताई, मेथी घ्यायचीय का तिची पत्रिका मांडायचीय?" बाईंना त्या प्रश्नात काही गैर वाटलं नाही. माझ्या वडिलांचा साखरेचा रिपोर्ट वाईट आला, घरात सुतकी कळा पसरली, तेव्हा बाईंनी फोन करून वडिलांना विचारलं, "रक्त उपाशीपोटी दिलंत ना?" वडील म्हणाले, "अर्थात." "चहा?" "चहा म्हणजे काय खाणं आहे का?" दुसऱ्या दिवशी बिनचहाचं रक्त गेलं आणि साखर ठीक निघाली. तेव्हापासून आमच्या घरी देवानंतर बाई.

पण खोटं कशाला बोला, एका वेळी बाईंनी चौकशी न करता आकडे आत घेतले आणि तेच त्यांच्या जिवाला लागलं. ते आकडे त्यांच्या दोन गुरूंचे होते. एक जनुकवाले सर, दुसरे प्रथिनवाले सर, दोघं जिवलग मित्र आणि निवृत्तीनंतरही प्रयोगशाळा न सोडलेले. परदेशी यंत्रं मागवणं सोपं झाल्यावर दोघांनीही आपापलं यंत्र आणलं आणि लोणी काळभोरच्या एकाच रानातली ज्वारी तपासायला घेतली. पाणी तोडलं तरी ती हिरवी कशी राहते, हे शोधायचं होतं. गुरूंना उलट कसं विचारायचं, म्हणून बाईंनी दोघांचे आकडे मुकाट घेतले आणि भर सभेत पडद्यावर शेजारी शेजारी मांडले. ते जुळेनात. एकाच्या हिशेबी झाड पाणी राखायला कंबर कसून उभं होतं, दुसऱ्याच्या हिशेबी ते निवांत होतं. जनुकवाले सर म्हणाले, "यंत्र महागाचं आहे हो, चालवणाऱ्या हाताचं काही सांगता येत नाही." प्रथिनवाले सर उठले आणि निघून गेले. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. जिन्यात समोरासमोर आले तर एकाच्या चपलेत हमखास खडा जायचा.

बाईंची निवृत्ती जवळ आली होती. मला म्हणाल्या, "संशोधनाचा पेपर नाही निघाला तर न निघो. पण एवढी जुनी मैत्री मी पडद्यावर मोडली गं. ती तशीच टाकून घरी कशी बसू?" एवढं बोलून त्या भीड सोडून जनुकवाल्या सरांकडे गेल्या. मी मागे.

"सर, ती पानं किती वाजता खुडलीत?"

"तारीख आहे, वाफा आहे, बियाण्याचा वाण आहे. वाजले किती हे काय लिहायचं? शेतात माणूस पहाटेच जातो."

तोच प्रश्न घेऊन आम्ही प्रथिनवाल्या सरांकडे. ते म्हणाले, "उन्हं उतरल्याशिवाय शेतात जातं कोण? पहाटे दूधवाले जातात."

बाहेर येऊन बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. झाडाची काही जनुकं उजाडताना जागी होतात, काही दिवस कलताना, आणि प्रथिनं त्यांच्यामागून. हे दोघांनाही पाठ होतं. फक्त आपण जातो ती सोडून शेतात जायची दुसरी वेळ असते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग बाईंनी कट केला. पहाटे जीपमध्ये आधी जनुकवाल्या सरांना बसवलं, पुढच्या चौकात प्रथिनवाल्या सरांना, आणि ड्रायव्हरला सांगून ठेवलं की कुणीही म्हटलं तरी गाडी थांबवायची नाही. दिवसभर ठरावीक वेळाने पानं खुडायची होती, त्यामुळे सूर्य मावळेपर्यंत कुणाची सुटका नव्हती. भर दुपारी दोघं एकाच लिंबाखाली भाकरी खात बसले. "बाई, त्यांना म्हणावं ठेचा इकडे सरकवा." "बाई, त्यांना म्हणावं संपला." हातभर अंतरावरचे हे निरोप बाई गंभीर चेहऱ्याने पोहोचवत होत्या.

तपासण्या झाल्या, मी आकडे मांडले. पडद्यावर झाडाच्या पाणी राखण्याची दिवसभराची एक रेघ उमटली, सकाळी चढलेली, संध्याकाळी उतरलेली. जनुकवाल्या सरांचा जुना आकडा तिच्यावर बसला, प्रथिनवाल्या सरांचाही बसला. कुणीच चुकलं नव्हतं. मग जनुकवाले सर थेट प्रथिनवाल्या सरांकडे वळून म्हणाले, "त्या दिवशी मी हाताबद्दल बोललो, ते बोलायला नको होतं."

"नकोच होतं," प्रथिनवाले सर म्हणाले. आणि उठता उठता, "चहाला येताय का?"

दोघं गेले. बाईंनी पदराने डोळे पुसले, लपवले मात्र नाहीत. "चल, झालं माझं काम," म्हणाल्या, आणि खरंच त्या महिन्याअखेर निवृत्त झाल्या. पेपरही निघाला. दोघं सर आता जिन्यातच गप्पा मारत उभे राहतात, वाट अडवून, आणि बाजूला व्हा म्हटलं तर रागावतात. त्यांना बोलायला मध्ये बाई लागत नाहीत. बाईंना तेच हवं होतं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. पण मला त्या लागतात. अजूनही, रोज.