निघून जाणाऱ्यांच्या घरातला एक

नदीवर पूल झाला आणि कप्पीवाल्यांची होडी बंद पडली. आता दोन्ही काठांची माणसं भुर्रकन इकडून तिकडे जातात, कोणाला कोणाशी दोन शब्द बोलावे लागत नाहीत. सोय झाली हे खरंच. पण कप्पीवाले संध्याकाळी पुलाच्या कठड्याशी उभे राहिले की त्यांना सोय दिसत नाही. त्यांना दिसतात सायकली, दुधाच्या किटल्या, उशीर झाला म्हणून काठावरून हाका मारणारी शाळेतली पोरं, आणि पुढच्या फळीवर बसून भांडणारे मास्तर आणि डॉक्टर.

होडी म्हणजे एक रुंद, सपाट तराफाच. या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी दोर ताणलेला, त्यावर दोन कप्प्या, आणि त्या कप्प्यांना दोन दोरांनी बांधलेली होडी. इंजिन नाही, वल्हं नाही. पुढचा दोर आखडायचा, मागचा सैल सोडायचा. होडी तिरकी झाली की नदीचा प्रवाहच तिला ढकलत पलीकडे नेतो. परतताना उलटं. दिवसभर त्या कप्प्यांची करकर ऐकून लोक त्यांना कप्पीवाले म्हणायला लागले.

हे काम त्यांनी मागून घेतलं होतं. त्यांच्या घरातले पुरुष निघून जात. आजोबा बाजाराला जातो म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. वडील जेवता जेवता उठले, हात धुतले, चपला घातल्या आणि गेले. भांडण नाही, तंटा नाही. आत्या तर कप्पीवाल्यांचं लग्न ठरतानाच होणाऱ्या सुनेच्या तोंडावर म्हणाली होती, "खाण तशी माती, पोरी. आमच्यातला पुरुष पस्तिशी ओलांडली की जातो. नंतर मला बोल लावू नकोस." सून नुसती हसली. नवरदेवाला मात्र हसू आलं नाही. कुठेही वाहून जाऊ शकणार नाही अशी एकच होडी त्यांच्या माहितीत होती, तिच्यावर ते जाऊन उभे राहिले.

मास्तर पलीकडच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत आणि डॉक्टर तिथल्याच इस्पितळात मनाचे आजार बघत. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, पण एकाला उशीर झाला तर दुसरा होडी सोडू देत नसे. मास्तर म्हणत, "माणूस मोकळा आहे. तो निवडतो, म्हणून तर त्याला जाब विचारता येतो." डॉक्टर म्हणत, "निवडतो असं त्याला वाटतं. त्याचं रक्त आणि त्याचं बालपण कधीचं ठरवून बसलेलं असतं."

एकदा वाद होडीवरच आला. डॉक्टर म्हणाले, "हीच बघा ना. पाणी ढकलतंय, दोराने धरून ठेवलंय, आणि हिला वाटतंय मीच चाललेय."

"आणि दोर आखडतं कोण?" मास्तर म्हणाले. "तुमचं बालपण?"

दोघांनी कप्पीवाल्यांकडे बघितलं. "मला कशाला मध्ये घेता," ते म्हणाले, "मी पगारी माणूस." अख्खी होडी हसली.

पण त्यांच्या दृष्टीने तो वाद नव्हता, त्यांच्या घराचा निकाल होता. एक दिवस डॉक्टर सहज बोलून गेले, "बाप सोडून गेलेली मुलं पुढे स्वतः बाप झाली की तेच करतात, कितीदा पाहिलंय मी." तेव्हापासून कप्पीवाले स्वतःवरच पहारा द्यायला लागले. चपला घातल्या की कुठे निघालो ते मोठ्याने सांगायचे. बायको म्हणायची, "अहो, नाक्यापर्यंत जायची कसली वर्दी देता?"

वडील घर सोडून गेले त्या वयाचे झाले, आणि एके दुपारी ती वेळ आलीच. पलीकडच्या काठावर होडी रिकामी झाली. उतारूंच्या मागोमाग तेही चढ चढून वर गेले, तर समोर लांबच्या गावाची बस उभी. एक पाय आपोआप पायरीवर गेला. राग नव्हता, दुःख नव्हतं. उलट फार हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाचीच त्यांना भीती वाटली.

"काका, चढा नाहीतर उतरा," कंडक्टर म्हणाला. "दार अडवू नका."

ते उतरले. का उतरले ते त्यांना आजही सांगता येत नाही. कदाचित अलीकडून हाका येत होत्या म्हणून. संध्याकाळी घरी आले तेव्हा बायको भाजी निवडत होती. बसचं त्यांनी तिला सांगितलं नाही.

वर्षं गेली. आत्या गेली, मग मास्तर गेले. त्यानंतर डॉक्टर पुढच्या फळीवर एकटेच बसत. वाद घालायला कोणी उरलं नाही, तर बिचारे स्वतःच मास्तरांची बाजू मांडत.

परवा पुलावरून परतल्यावर मात्र त्यांनी बायकोला ती बसची गोष्ट सांगून टाकली. बोलण्यात थोडी ऐटही होती. आजोबा गेले, बाप गेला, पण मी राहिलो की नाही?

ती चष्मा लावून उशीचा अभ्रा शिवत होती. "मीसुद्धा एकदा निघाले होते," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठे ते ठरवलं नव्हतं. पोरगी शाळेत गेली, मी पिशवी भरली आणि तुमच्याच होडीत बसले. तुम्ही विचारलंत, बहिणीकडे का? मी हो म्हटलं. पलीकडे हात धरून उतरवलंत मला. म्हणालात, जपून जा, निसरडं आहे."

कप्पीवाल्यांना काहीच आठवेना. "मग?"

"मग वर जाऊन बसले. एक बस गेली, दुसरी गेली. खाली आले तर तुम्ही म्हणालात, बहीण घरी नव्हती वाटतं."

"पण माझं काय चुकलं होतं?"

"चुकलं काही नव्हतं. तुम्ही घरात असायचात, पण लक्ष सगळं दाराकडे. आपण जातो की काय, आपण जातो की काय. मला कंटाळा आला होता त्याचा."

"मग परत का आलीस?"

"काय माहीत. तुमच्या घरातले पुरुष जातात म्हणून सगळ्यांनी मला सावध केलं. बायका राहतात त्या का राहतात, हे कोणी विचारलंच नाही. मग मी तरी उत्तर कशाला शोधून ठेवू?"

कप्पीवाल्यांनी जन्मभर ज्याच्यावर पहारा दिला तो इथेच होता, आणि जी खरंच निघाली होती तिला त्यांनी हात देऊन काठावर उतरवलं होतं. इतक्या वर्षांनी त्यांना तिच्या त्या दिवसाची भीती वाटली.

"आणि आता?" त्यांनी हळूच विचारलं. "आता वाटतं का जावंसं?"

"कधी कधी," ती म्हणाली, आणि तिने दातांनी दोरा तोडला.