विहिरीतला निळा डाग

त्या उन्हाळ्यात मी नागपूरहून भूगर्भशास्त्राची परीक्षा देऊन घरी आले, तेव्हा गावात बाबांशी कोणी धड बोलत नव्हतं.

कारंजा गावाजवळ आमची संत्र्याची बाग. शेजारच्या काकांनी आमच्या बांधाला लागून, जुन्या नाल्याच्या गाळात विहीर खोदायला घेतली होती. आमचं पाणी पळणार म्हणून होळीच्या सुटीत मी त्यांच्याशी कडाकडा भांडले होते. मी नागपूरला परतायच्या आधीच त्यांच्या घरच्या लग्नापायी काम थांबलं, आणि मजूर परत उतरले तर ओल्या भिंतीवर निळे डाग! संत्र्यावर फवारायला चुन्यात कालवतात ते निळं मोरचूद बाबांनीच टाकून विहीर नासवली, असं काकांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात तक्रार देणार होते.

"बाबा, तुमी काऊन काहीच बोलत नाई?" मी ओरडले. ते सुपारी कातरत राहिले. खरंच यांनी टाकलं असेल तर?

दुपारी मी तरातरा त्या विहिरीवर गेले. काका आणि मजूर तिथंच होते. बाबा मागून आले आणि लांब बाभळीखाली बसले. मी निळं ढेकूळ पाहिलं. नखानं ओरखडा उठत होता, पण पाण्यात ते विरघळेना. ओलं करून ते घासून चकचकीत केलेल्या विळ्यावर चोळलं, तरी तांबडी पुटं चढली नाहीत. मोरचूद असतं तर चढली असती, हे आमच्याकडे कोणालाही माहीत.

"चुना मिसळून टाकलं असंल," काका म्हणाले. "मंग कुठं विळा लाल होते?"

ते बरोबर बोलत होते, आणि त्याचाच मला संताप आला.

आता एकच शक्यता उरली होती. लोहाचं एक दुर्मीळ फॉस्फेट असतं, व्हिवियनाइट. जुन्या गाळात, हाडांच्या आसपास सापडतं. जमिनीत असतं तोवर पांढरं, हवा-उजेड लागला की निळं. मी ते फक्त पुस्तकात वाचलं होतं. चुकले असते तर बाबांची उरलीसुरली अब्रू मीच घालवली असती.

मी स्वतः खाली उतरले. सगळ्यांच्या देखत लोखंडी सब्बलीनं भिंत आतपर्यंत फोडली. काळ्या गाळात जनावराचं जुनं हाड निघालं, भोवती पांढरी भुकटी. वर आणून तिचे दोन भाग केले. एक ओल्या गोणपाटाखाली झाकला, दुसरा उन्हात ठेवला.

"आता कोणी हात लावू नका."

बराच वेळ काहीच झालं नाही. कोणीतरी हसलं. मी गोणपाटावर आणखी पाणी शिंपडलं. मग कडेला राखाडी झाक आली. ती पसरली, आणि ऊन कलेपर्यंत भुकटी निळी झाली. गोणपाट उचललं. खालची पांढरीच होती.

काकांनी दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिल्या. "जमिनीतच हाये म्हणा," ते पुटपुटले, आणि बाबांकडे न बघता मजुरांना हाक मारायला गेले.

मी धावत बाभळीखाली गेले. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला.

"म्हंजे तू नाई टाकलं?"

होळीच्या भांडणानंतर मीच मोरचूद टाकलं, असं बाबांना वाटत होतं. म्हणून तर मला वाचवायला ते गावाच्या शिव्या खात गप्प बसले होते. मी त्यांच्या शेजारी मातीतच बसले आणि मोठ्यानं रडले.