उणे साडेतीनचा नायक

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. हल्ली असं कोणी म्हणत नाही, पण पहिल्या दिवशी चेष्टेत तोंडातून गेलं आणि तेच राहिलं. वन्सं चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतात आणि फ्रेममध्ये बसवतात. एकोणीस वर्षं झाली. गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. रस्त्यात कोणी ओळखीचं हसलं की मला हळूच सांगतात, "ही उणे पाच. चष्मा काढला तर नवऱ्यालाही ओळखायची नाही."

लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बेचाळिसाव्या वर्षी त्यांना एकच नाद होता, प्रेमाच्या कादंबऱ्यांचा. त्याही जुन्या नव्हेत, आत्ताच्या. नायिका नोकरी करते, भाड्याच्या खोलीत एकटी राहते आणि नायक तिला लिफ्टमध्ये भेटतो, अशा. आठवड्याला दोन तरी व्हायच्या. काचा ज्या छोट्या कागदी पाकिटांतून येतात, त्यातल्या एखाद्या रिकाम्या पाकिटावर त्या आपलं मत लिहायच्या आणि ते तसंच पुस्तकात ठेवून वाचनालयात परत करायच्या. "सासू झकास, शेवट मात्र उरकलाय." "नायक फार बोलतो, पण डोळे चांगले रंगवलेत." वाचनालयातल्या बाई ती पाकिटं काढत नसत, कारण इतर बायका ती वाचूनच पुस्तक निवडायच्या.

त्या वर्षी माझा नवरा कामासाठी सहा महिने परगावी होता. घरात आम्ही दोघीच.

एक गिऱ्हाईक चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून आलं. चार दिवसांनी तोच स्क्रू, मग पुन्हा तोच. वन्सं म्हणाल्या, स्क्रू आपोआप सैल होत नाही, हा माणूस तो सैल करून आणतो. नंबर उणे साडेतीन. वय पन्नाशीच्या आतबाहेर, कपडे नीटनेटके, आवाज मऊ. मी म्हटलं, "वन्सं, तुमचं पहिलं प्रकरण सुरू झालं." त्या हसल्या. मला आज त्या वाक्याची लाज वाटते.

त्याने चहाला विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी दुकानासमोरच्या बँकेच्या पायऱ्यांवर उभा राहू लागला. काही बोलायचा नाही, नुसता उभा. आठवडाभराने त्यांनी रस्ता ओलांडून त्याला सांगितलं की कृपा करून इथे उभं राहू नका, मला नको आहे. तो मान हलवून हसला. दुकानाच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, रस्ता सगळ्यांचा आहे, आणि त्यात माणूस सभ्य दिसतो.

वन्संचं जेवण कमी झालं. घरी येताना त्या रोज वेगळ्या गल्लीतून यायच्या. दारावरची घंटा वाजली की हातातलं भांडं तिथेच राहायचं.

मग एका रविवारी सकाळी दाराच्या फटीतून एक पाकीट आत सरकलं. काचेचंच पाकीट, त्यावर वन्संचं अक्षर. "नायिका तीनदा नाही म्हणते तरी तो हटत नाही. मस्त." त्याखाली निळ्या शाईत, वळणदार अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं, "दोनदा झालं. एक राहिलं."

 वन्सं भिंतीला टेकून खालीच बसल्या. बाहेर जिन्यावर पावलं वाजत होती, ती उतरणारी होती की तिथेच घुटमळणारी, ते कळेना. मी कडी लावली, वरची लावली, खिडक्याही लावून घेतल्या. भर दहाच्या उन्हात आम्ही दिवा लावून बसलो. वन्सं पुटपुटल्या, "मी रागावले तर नायिका रागावतेच. रडले तर रडतेच. गप्प बसले तर ती लाजली. मी काय केलं म्हणजे त्याला ते ‘नाही’ वाटेल, सांग ना."

मी ते पाकीट उचलून त्यांच्या पर्समध्ये ठेवलं.

सोमवारी वाचनालयात गेलो. पाकीट पाहताच बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सगळं कबूल केलं. तो दोन महिन्यांपासून येत होता. वन्संनी वाचलेली पुस्तकंच मागायचा, पाकिटं खिशात घालायचा. मग त्याने नोंदवहीतला पत्ता विचारला आणि बाईंनी तो दिला. त्याही याच कादंबऱ्या वाचतात. "मला गोड वाटलं हो," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. वन्संनी त्यांना एकच विचारलं, उरलेली पाकिटं कुठे आहेत. एकही उरलं नव्हतं. एकोणीस वर्षांत त्यांनी पानंच्या पानं वाचून काय काय आवडलं म्हणून लिहिलं होतं, ते सगळं आता त्याच्या घरात होतं.

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला माझा फोन वाजला. वन्सं काहीच बोलत नव्हत्या, नुसता श्वास ऐकू येत होता. मी तशीच अनवाणी खाली धावले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो पायरीवर बसला होता, मांडीवर फुलं, आणि चार पायऱ्या खाली वन्सं कठड्याला घट्ट धरून उभ्या. त्यांना वर येता येत नव्हतं आणि त्याच्याकडे पाठ करायची हिंमत होत नव्हती.

"तिसऱ्यांदा म्हणा," तो अगदी प्रेमाने म्हणाला. "मग मी बोलतो."

वन्संनी नाही म्हटलं नाही. त्यांनी ओठ मिटून घेतले. मी भिंतीला घासत त्याच्या बाजूने उतरले, त्यांचा हात कठड्यावरून सोडवला आणि आम्ही दोघी तडक पोलीस चौकीत गेलो. रस्ताभर मी मागे बघत होते. पाय अनवाणी आहेत, हे चौकीतल्या फरशीवर उभी राहिल्यावर कळलं.

ठाणेदार बाई आधी म्हणाल्या की त्याने हात तर लावला नाही ना. मग वन्संनी पर्समधून काढून दिलेलं पाकीट त्यांनी दोनदा वाचलं आणि त्याला आणायला शिपायाला पाठवलं. शिपायाबरोबर तो निवांत आला. त्याने स्वतःहून पिशवीतून पाकिटांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, रबर लावलेला. म्हणाला, हे सगळं यांनीच लिहिलंय, यांना हेच आवडतं, मी एकही गोष्ट मनाने केलेली नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

ठाणेदार बाईंनी वन्संकडे पाहिलं.  पाणी पिऊन वन्सं त्याला म्हणाल्या, "कादंबरीत तो शेवटी चांगला निघणार, हे मला आधीच माहीत असतं. म्हणून मजा येते. तुमचं मला काय माहीत? मी इकडे रोज मरत होते."

तो चष्मा काढून पुसत बसला. पुन्हा दुकानाकडे किंवा घराकडे फिरकणार नाही, असं त्याच्याकडून लिहून घेतलं. गठ्ठा ठाणेदार बाईंनी ठेवून घेतला.

तो खरंच परत आला नाही. नवऱ्याने आल्यावर दाराला साखळी बसवली. वाचनालयातल्या बाई आता नोंदवही कुलपात ठेवतात. पण कागदावर लिहून घेतलेलं मनाला पटायला वेळ लागतो. वन्संना न्यायला मी पाच महिने दुकानावर जात होते, आणि खरं सांगायचं तर एकटीने परत यायची भीती मलाही वाटायची.

पुस्तकाला त्यांनी वर्षभर हात लावला नाही. दोन महिन्यांपूर्वी एक आणलं, नवीन निघालेलं. पूर्वी तीन दिवसांत संपवलं असतं, तिथे पाच आठवडे लागले. कसं होतं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "बरं होतं. समजूतदार निघाला तो. पण शेवटचं पान येईपर्यंत माझी छाती धडधडत होती गं."