भाकरी उतरेना

अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला तेव्हा भावकीतल्या बायकांनी मिश्रीला दोष दिला. मी मिश्री कधी लावली नाही. सासूबाई लग्नाआधीपासून लावतात, आणि त्यांचा गळा ठणठणीत आहे. देवाघरी असला न्याय चालतो हे कळल्यावर मी देव्हाऱ्यापुढे हात जोडणं सोडलं.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझी अन्ननलिका काढली. जठराचीच नळी करून वर ओढली आणि गळ्याशी जोडली. घरी सोडताना त्यांनी बजावलं, थोडे दिवस पातळ, मग मऊ भात, मग बारीक चावून भाकरीसुद्धा खायची. घास जात राहिला की वाट मोकळी राहते.

पण आम्ही मुळशीतल्या भरे गावची माणसं. आमच्याकडे आजाऱ्याला पेज देतात, आणि त्याच्या ताटात भाकरी वाढणाऱ्या बाईला गाव नावं ठेवतं. सासूबाई आंबेमोहोराच्या कण्या शिजवून त्यात तूप-मीठ घालायच्या आणि वाटी माझ्या हातात देऊन समोर बसायच्या.

"आत्याबाई, डॉक्टरांनी भाकरी खायला सांगितलीये."

"डागतराला काय जातंय सांगाया? पोट फाडलंय तुजं. आतून अजून कच्चं हाय."

भांडणात मी कधी कुणाला हार गेले नाही, पण त्या पेजेशी मला भांडता आलं नाही. पेज कशातूनही खाली उतरते. त्यामुळे आत वाट आक्रसत चाललीये हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

भातकापणीला नणंद आली, तिनं बोंबलाचं कालवण केलं. वासानं मी वेडी झाले. तांदळाच्या भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात टाकला, चावला, गिळला. तो गळ्याच्या खाली जो अडकला तो वरही येईना. पाणी प्यायले तर ते नाकातून बाहेर आलं. नवऱ्यानं तसंच गाडीत घातलं.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. जोडाच्या जागी व्रण धरून नळी आवळली होती. मी काय खात होते ते त्यांनी विचारलं.

"पेज," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, भाकरी खाल्ली असती तरी आवळली असती कदाचित, पण लवकर कळलं असतं. घरी आल्यावर नवऱ्यानं हे आईला सांगितलं. सांगायला नको होतं. त्या माउलीनं पेजेचं पातेलं घासून फळीवर पालथं घातलं. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही आली होती.

त्यानंतर दवाखान्यात नळीत फुगा फुगवून वाट ताणून मोठी करणं सुरू झालं. पहिल्यांदा ताणली तेव्हा मी वरणभात खाल्ला आणि खाताखाता रडले. वाटलं, सुटले. पण ती पुन्हा आवळली. ताणलेली वाट आधी महिनाभर टिकायची, मग पंधरवडा, मग आठवडाही धड जाईना. दवाखान्याच्या वाटेवर हिंजवडीच्या गर्दीत गाडीत बसून मी आपलीच लाळ डब्यात थुंकायचे. शेजारच्या कॅबमधली पोरं तोंड फिरवायची.

शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता ताणलं तर फाटेल. पुन्हा ऑपरेशन तुम्हाला झेपणार नाही. पोटातून आतड्यात नळी घालू, अन्न तिच्यातूनच द्यायचं.

"कायमचं?" मी विचारलं.

ते माझ्या नवऱ्याशी बोलू लागले.

आता पातळ दूध आणि डब्यातली पावडर पोटाच्या नळीतून जाते. भूक भागते म्हणे. मला तरी तसं कधी वाटलं नाही. परवा संध्याकाळी सासूबाई भाकऱ्या थापत होत्या, मी चुलीजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "मला एक द्या. गिळणार नाही, नुसती चावते."

या घरात पानात एक शीत टाकलेलं चालत नाही. नवी सून असताना त्यावरून मी भरपूर बोलणी खाल्लीत. पण सासूबाईंनी ताटलीत गरम भाकरी दिली, भाजीचा रस्सा वाढला आणि रिकामी वाटी माझ्या हनुवटीखाली धरली.

"थुक हिच्यात. लाजू नगंस."

मी सगळी भाकरी चावली. तुकड्या-तुकड्यानं सगळी वाटीत थुंकली. सासूबाई वाटीकडे न बघता ती एका हातानं धरून बसल्या होत्या.

"कशी झालीया?"

"चांगली झालीये."

"मंग आजून अर्धी घे की."

जेवणाऱ्याला म्हणावं तसं बोलून गेल्यावर त्यांचा दुसरा हात तव्यावरच थांबला. मी ताटली पुढे केली.